गुडघा बदलण्याआधीची तयारी

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. पुढच्या वर्षी उजवाही बदलला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया मराठी घरांत गप्पांचा विषय झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, जीएसटी सोडून, ५४,७२० रुपयांवर आला. तरी चर्चा अजून सांध्याभोवतीच फिरते. देशी की परदेशी? सोनेरी मुलाम्याचा? रोबोट आहे का? तयारीचं मात्र कुणी विचारत नाही आणि बरीच रुग्णालयंही आपणहून सांगत नाहीत. फॉर्मवर सही, रक्त-लघवीच्या तपासण्या, ‘रात्रीपासून उपाशी राहा’. संपलं.

खरं काम त्याआधीच्या काही आठवड्यांचं असतं. कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरणं महाकठीण; कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून साखर आटोक्यात हवी, किडलेल्या दाताचा निकाल लावलेला हवा, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या बऱ्या झालेल्या हव्यात. तंबाखू, मिश्री बंद. मिश्रीला आपल्याकडे व्यसन म्हणतच नाहीत, त्यामुळे आजी ती डॉक्टरांना सांगतही नाहीत. दुखणं असह्य झालं म्हणून गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर शस्त्रक्रिया साधारण तीन महिने लांबवतात. आणि आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने पाय साफ करायचा नाही. बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते.

मांडीचे स्नायू आधीच कमावलेले बरे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबत मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. हे पलंगावर पडल्या पडल्या होतं. वॉकर घेऊन चालण्याचा सरावही तेव्हाच करावा, कारण शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात.

आणि घर? भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधी आणून ठेवायला हवी. पायपुसणी, सतरंज्या उचलायच्या. देवपूजा खुर्चीवरून करावी लागेल हेही आधीच सांगून टाकावं. गुडघा बदलला की पूर्वीसारखी मांडी घालता येईल, या आशेवर आलेला माणूस दुखणं थांबूनही नाराज राहतो. पाचांतला एक रुग्ण समाधानी नसतो, असं परदेशातल्या पाहण्यांत वारंवार आढळलंय. त्यामागे अवाच्या सवा अपेक्षा हे मोठं कारण आहे.

ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयं या तयारीसाठी रुग्णांचे वर्ग घेतात. आपल्याकडे निदान तारीख ठरते त्या दिवशी फिजिओथेरपिस्टने रुग्णाला आणि घरी सेवा करणाऱ्या सून-मुलाला समोर बसवून तासभर बोलावं, मराठीत छापलेला कागद हातात द्यावा. लाखोंच्या पॅकेजमध्ये एवढं बसायला हरकत नसावी.