शिरस्त्याची मात्रा

पवनाकाठच्या पिंपळे गुरवात, तसेच सांगवी-दापोडीपासून थेट चाकणपर्यंतच्या लहान शुश्रूषागृहांत, पायाच्या शस्त्रक्रियेसाठी येणारा रुग्ण पुष्कळदा कारखान्यातील कामगार किंवा नाशिक रस्त्यावर दुचाकीवरून पडलेला तरुण असतो. त्यास कमरेखालची भूल द्यावी याविषयी आपणां भूलतज्ज्ञांत फारसा मतभेद नाही, परंतु ती कोणत्या औषधाने व किती मात्रेत द्यावी, हा जो खरा विचाराचा विषय, तो मात्र अनेक ठिकाणी आधीच निकालात निघालेला असतो. घोट्यातील स्क्रू काढण्याचे अर्ध्या तासाचे काम असो अथवा मांडीच्या हाडात सळई बसविण्याचे दोन तासांचे, चार मिलिलिटरच्या कुपीतून तीन मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम, हेवी बुपिवाकेन ओढून घ्यावयाचे, असा शिरस्ता पडला आहे. आम्हांस तो मान्य नाही.

ऑगस्ट बियर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी कील येथे मेरुद्रवात कोकेन सोडून ज्या शस्त्रक्रियेसाठी ही भूल प्रथम योजिली, ती क्षयग्रस्त घोट्याचीच होती. पुढे पाच टक्क्यांचे हेवी लिग्नोकेन, त्याचा अंमल लवकर बसे व लवकर उतरे म्हणून, दीर्घकाळ सर्वांच्या हाती राहिले. पण १९९३ पासून त्यामागून उद्भवणाऱ्या नितंब व मांड्यांतील वेदनांची वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली, आणि त्याची जागा बुपिवाकेनने घेतली. भरवशाचे औषध मिळाले, परंतु अल्प मुदतीचे हातचे गेले. त्याचा भार रुग्णावर पडतो: पाय हलू लागले तरी लघवी होत नाही, नळी घालावी लागते, आणि ज्याचा दिवसाचा रोज बुडाला आहे असा मनुष्य एका स्क्रूपायी रात्रभर खाटेवर अडकतो.

ही उणीव क्लोरोप्रोकेन भरून काढते. १९८० च्या सुमारास मज्जातंतूंना इजा झाल्याच्या काही प्रकरणांमुळे त्याची अपकीर्ती झाली खरी. परंतु त्या प्रकरणांत एपिड्युरलसाठीची मोठी मात्रा नकळत मेरुद्रवात गेली होती, आणि त्या वेळच्या द्रावणात बायसल्फाइट होते. आजचे एक टक्क्याचे, परिरक्षक नसलेले द्रावण ४० ते ५० मिलिग्रॅम दिल्यास तासाभराच्या कामास पुरते, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. ते न मिळाल्यास हेवी बुपिवाकेनच ५ ते ७.५ मिलिग्रॅम देऊन, दुखरी बाजू खाली ठेवून, रुग्णास दहा-पंधरा मिनिटे कुशीवर निजवावे. एवढ्याने एका पायाचे लहान काम बहुधा निभते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांतही पूर्ण मात्रेपेक्षा थोडी मात्रा व जोडीस फेंटानिल, या योजनेने रक्तदाब अधिक सावरतो. फेंटानिल १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सुगम करण्याची तजवीज झाली असली, तरी ज्या लहान शुश्रूषागृहांत ते अद्याप ठेवले जात नाही, तेथे क्लोनिडिन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मिसळले जाते. त्यांनी बधिरता अथवा वेदनाशमन लांबते. मात्र पहिल्याने रक्तदाब उतरतो व दुसऱ्याने मळमळ होते, हे हिशेबात धरलेच पाहिजे.

एका बाबतीत तर ही लांबण केवळ गैरसोयीची नव्हे, घातक आहे. यंत्रात नडगी चिरडलेल्या कामगाराच्या स्नायूंच्या कप्प्यांतील दाब वाढू लागला की दुखापतीच्या मानाने अतिरेकी वेदना ही त्याची सर्वांत आधीची खूण असते. गाढ व दीर्घ बधिरता ती खूण झाकू शकते, आणि कप्पे मोकळे करण्यास काही तासांचा विलंब झाला तर स्नायू मरतात व पाय गमावण्याची वेळ येते. अशा रुग्णास अंमल लांबविणारी जोड देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या व्यवसायबंधूंनी सिरिंज भरण्यापूर्वी शल्यविशारदास कामाचा अवधी विचारावा; दिलेली मात्रा, पाय हलल्याची वेळ व लघवी झाल्याची वेळ केसपेपरवर नोंदवावी; आणि अशा नोंदी, रुग्णाचे नाव वगळून, आमच्याकडे पाठवाव्यात. त्यांस येत्या अंकांत जागा दिली जाईल.