रोजची दहा गणिते



शेतकी खात्याने गणितावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गटात फिरताना आम्हाला ऊस दिसतो, तशी घरातली मुलेही दिसतात. आठवीच्या मुलाचा विषय निघाला की पालक म्हणतात, "परीक्षा डिसेंबरात हाय, दिवाळी झाली की बसवू अभ्यासाला." आमचे मत याच्या अगदी उलट आहे.

आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. योजना २००८ पासूनची. निवड झाली आणि पुढे गुण टिकवले, तर नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवे. आपल्यापैकी कितीतरी घरे यात बसतात.

पेपर दोन. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट! एवढ्या वेळात उत्तर यायचे तर हाताला सवय पाहिजे, आणि ती महिनाभराच्या घोकंपट्टीने होत नाही.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र लागते. ते आपण एकदम टाकतो का? लागणीला १० टक्के, पुढे ४०, मग १० आणि मोठ्या बांधणीला ४०, असे चार हप्ते करतो. एकदम टाकले तर बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते, पिकाला मिळत नाही. गणिताचेही तसेच आहे. रोज दहा गणिते, वीस मिनिटे. जूनच्या मध्यापासून धरले तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत अठराशे गणिते होतात.

"क्लासला पैसा कुठला, अन् आम्हाला कुठं गणित येतंय?" असे कोणी म्हणेल. अहो, गणित आपल्या बांधावरच आहे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर ४३,५६० चौरस फुटांचा. साडेचार फुटी सरी पाडली तर एकरात सरीची एकूण लांबी ९,६८० फूट. दोन फुटांवर रोप लावले तर रोपे ४,८४०. वर्ग, गुणाकार, दशांश, भागाकार सगळे आले. काट्याची पावती मुलापुढे ठेवा. भरल्या गाडीच्या वजनातून मोकळ्या गाडीचे वजन त्याला वजा करू द्या, बिलातली कपात शेकडा किती ते काढू द्या.

आईबापांना उत्तर यायलाच हवे असे नाही. घड्याळ लावावे, जवळ बसावे. चुकलेले गणित मुलाने गुरुजींना विचारावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवावे. एवढा नियम पुरे.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते. तोड आली की आठवीचे पोरगे फडावर आणि पोरगी चुलीपाशी. परीक्षा नेमकी ऐन गळितात येते. तेवढे दिवस तरी मुलांची शाळा बुडवू नका, आणि मुलीची वीस मिनिटे मुलाइतकीच जपा.

परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो. लागणीची नोंद द्यायला आपण चिटबॉयच्या मागे लागतो ना? तसेच एकदा शाळेत जाऊन अर्जाची तारीख विचारा. आणि वही आजच आणा.