घरपोच मालाच्या वाहतुकीतील किरकोळ नुकसानीची नोंद ताबा देतानाच व्हावी, यासाठी उरण तालुक्यातील ग्राहकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद,
रायगड, अलिबाग.

मार्फत : मा. तहसीलदार, उरण.

विषय : ग्रिल, शेगड्या व तत्सम जड गृहोपयोगी वस्तू घरपोच देताना आढळणाऱ्या किरकोळ नुकसानीची तपासणी, नोंद आणि निवारण यांसाठी तालुक्यात निश्चित कार्यपद्धती लागू करण्याबाबत.

संदर्भ : १) ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, कलमे ८, १६ व १७. २) ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०. ३) वस्तू विक्री अधिनियम, १९३०, कलमे ४१ ते ४३ व ५९.

महोदय/महोदया,

उरण तालुक्यातील ग्राहक आणि खाद्यपदार्थांचा लहान व्यवसाय करणारे विक्रेते यांच्या वतीने हे निवेदन सविनय सादर करण्यात येत आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

उरण शहर, द्रोणागिरी नोड, करंजा, मोरा, केगाव, नागाव आणि जासई या परिसरात घरगुती वापराच्या जड वस्तू ऑनलाइन मागवण्याची रीत आता रुळली आहे. त्यांपैकी ग्रिल, म्हणजे कोळशावर किंवा गॅसवर मासळी, मांस वा भाज्या भाजण्याची झाकणासह येणारी जाळीदार शेगडी, ही वस्तू या निवेदनात नमुना म्हणून घेतली आहे. ती जड असते, सुट्या भागांत येते, तिचे पत्रे पातळ असतात आणि खोका उघडून सर्व भाग मांडल्याशिवाय तिची खरी अवस्था कळत नाही, त्यामुळे वाहतुकीत होणाऱ्या नुकसानीचे जवळजवळ सर्व प्रकार तिच्यात एकत्र पाहायला मिळतात.

घरपोच मालाच्या प्रचलित पद्धतीत ग्राहकाला पुष्कळदा बंद खोकाच स्वीकारावा लागतो. मोबाइलवर आलेला संकेतांक सांगितला की माल सुस्थितीत पोहोचल्याची नोंद होते, आणि त्यानंतर झाकणाला पोचा, पायाला बाक किंवा रंगाला ओरखडा आढळला तर तो ताब्याच्या आधीचा की नंतरचा, हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येऊन पडतो. नुकसान लहान असते म्हणून ग्राहक तक्रार करत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून मालाची बांधणी व हाताळणी सुधारत नाही. एका घरातील तोटा थोडा असला तरी तो असंख्य घरांत वाटला जात असल्याने हा प्रश्न सामूहिक हिताचा ठरतो.

२. नुकसान कसे होते आणि ‘किरकोळ’ कशाला म्हणावे

अशा वस्तू सहसा पन्हळी पुठ्ठ्याच्या, म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद चिकटवून केलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. या पुठ्ठ्याची ताकद कोरडेपणावर अवलंबून असते. पावसाळ्यातील दमट हवेत तो नरम पडतो, वर रचलेल्या मालाचा भार खोक्याच्या कोपऱ्यांना पेलवत नाही आणि तो आतील पत्र्यावर येतो. वरच्या दिशेचे बाण, छत्री आणि पेला या खोक्यावरील खुणांचे अर्थ अनुक्रमे ‘ही बाजू वर’, ‘ओलाव्यापासून जपा’ आणि ‘नाजूक माल’ असे आहेत, परंतु उतरवणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलेले असतातच असे नाही.

नुकसानीचे परिणामानुसार तीन वर्ग करणे उचित ठरेल. पहिला वर्ग दर्शनी नुकसानीचा. बाहेरील रंगावरचा ओरखडा किंवा कडेपासून दूर असलेला लहान पोचा यांनी वस्तूच्या उपयोगात बाधा येत नाही, आणि अशा वेळी संपूर्ण वस्तू परत नेण्यापेक्षा किमतीत वाजवी सूट देणे उभयपक्षी सोयीचे असते.

दुसरा वर्ग टिकाऊपणा आणि कार्यक्षमता घटवणाऱ्या नुकसानीचा आहे. अनेक ग्रिलांच्या पोलादावर इनॅमल, म्हणजे काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून बसवलेला मुलामा असतो, जो गंजापासून पोलादाचे रक्षण करतो. आदळल्यामुळे या मुलाम्याची खपली उडाली तर तो घरी पूर्ववत करता येत नाही. उरणला समुद्र आणि खाडी यांचा वेढा असल्याने येथील खाऱ्या, दमट हवेत उघडे पडलेले पोलाद लवकर गंजते, आणि म्हणून कोरड्या प्रदेशात दर्शनी ठरणारी तीच खपली येथे वस्तूचे आयुष्य कमी करणारी ठरते. जाळीवरचा मुलामा सुटत असेल तर त्याचे कण अन्नात मिसळण्याचा धोका असतो. झाकणाची कड वाकली असेल तर झाकण नीट बसत नाही, फटीतून हवा आत शिरते आणि हवेच्या झडपांनी कोळशाची आच कमीजास्त करण्याची सोयच निकामी होते.

तिसरा वर्ग सुरक्षिततेशी निगडित आहे. गॅसवरील ग्रिलची झडप, बर्नरची नळी, रबरी नळी किंवा तिचा जोड यांना धक्का बसला असेल, अथवा पाय वाकल्यामुळे शेगडी डगमगत असेल, तर नुकसान डोळ्यांना कितीही लहान दिसले तरी ते किरकोळ मानता येणार नाही. अशी वस्तू पेटवून पाहण्याचा सल्ला ग्राहकाला कोणीही देऊ नये. गॅसगळतीची तपासणी साबणाच्या पाण्यानेच करावी, ज्योतीने कदापि करू नये, आणि सदोष भाग किंवा पूर्ण वस्तू विनाविलंब बदलून मिळावी.

३. कायद्याची भूमिका

वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार, खरेदीदाराने आधी न तपासलेला माल त्याच्या हाती आला, तर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असे मानले जात नाही. कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, रास्त कारणाने माल नाकारणाऱ्या खरेदीदारावर तो परत पाठवण्याचे बंधन नसते, नाकारत असल्याचे विक्रेत्याला कळवणे पुरेसे असते. कलम ५९ मध्ये हमीचा भंग झाल्यास किमतीत घट मागण्याचा मार्ग आहे. म्हणजेच संकेतांक सांगणे हे माल हाती पडल्याचे चिन्ह असू शकते, तो निर्दोष असल्याची कबुली असू शकत नाही, आणि किरकोळ नुकसानीसाठी किमतीत सूट मागणे ही विक्रेत्याच्या मेहेरबानीची नव्हे, तर कायद्याला परिचित असलेली उपाययोजना आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या संज्ञेत गुणवत्ता किंवा दर्जा यांतील कोणतीही उणीव येते, त्यामुळे लहान दोषही दोषच ठरतो. ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते, तसेच सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते, दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही.

तथापि जिल्हा आयोग अलिबागला आहे आणि उरणहून तेथे जायचे तर करंज्याहून रेवसपर्यंत जलमार्गाने किंवा पेणमार्गे रस्त्याने जावे लागते. ऑनलाइन तक्रारीची आणि दूरदृश्य सुनावणीची सोय कायद्याने केलेली असली, तरी एका पोच्यासाठी रोजगार बुडवून कागदपत्रे जमवणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही. हक्क कायद्यात आहेत, ते वापरण्यासाठी लागणारा पुरावा मात्र ताब्याच्या क्षणीच निसटतो, आणि या निवेदनाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

४. तालुक्यातच रूढ असलेली पद्धत

या प्रश्नाचे उत्तर उरणकरांना बाहेर शोधावे लागत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर याच तालुक्यात न्हावा शेवा येथे आहे, आणि बंदरात तसेच आसपासच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरमधील माल उतरवण्या-भरण्याच्या व साठवण्याच्या आवारांत, तालुक्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेथे कंटेनर एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचे सील आणि बाह्य अवस्था पाहिली जाते, आणि पोचा, छिद्र वा वाकलेला दरवाजा आढळल्यास त्याची नोंद ईआयआर, म्हणजे कंटेनरच्या देवघेवीच्या नोंदपत्रावर केली जाते. ही नोंद कोणालाही दोषी ठरवत नाही, ती केवळ वस्तू कोणत्या अवस्थेत कोणाच्या हाती गेली हे निश्चित करते, आणि त्यामुळे पुढील वादाचे क्षेत्र आपोआप आक्रसते.

समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या १९२५ च्या भारतीय कायद्याने हेच तत्त्व रुजवले. उघड दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतानाच द्यावी, दडलेल्या म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची तीन दिवसांत द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी संयुक्त पाहणी केली असल्यास वेगळ्या सूचनेची गरज नाही, असा तो नियम होता. विशेष म्हणजे सूचना राहून गेली तरी मालधन्याचा दावा त्यामुळे बुडत नसे, माल ठीक पोहोचला असा केवळ प्रथमदर्शनी समज होत असे आणि तो पुराव्याने खोडून काढता येत असे. जहाजाने येणाऱ्या मालाच्या बड्या व्यापाऱ्याला मिळणारे हे संरक्षण त्याच बंदराच्या दारात राहणाऱ्या गृहिणीला आणि पिरवाडीच्या किनाऱ्यावर मासळी भाजून विकणाऱ्या व्यावसायिकाला मिळू नये, याला कोणतेही न्याय्य कारण दिसत नाही.

५. मागण्या

वरील विवेचनाच्या आधारे पुढील मागण्या करण्यात येत आहेत.

(१) ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना ग्राहकवर्गाच्या हक्कभंगाची चौकशी करण्याचा अधिकार आहे. हे निवेदन कलम १७ खालील तक्रार मानून, बंद खोक्यावरच ‘सुस्थितीत मिळाला’ अशी नोंद घेण्याच्या पद्धतीची उरण तालुक्यात चौकशी करावी आणि तिचा अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवावा.

(२) जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय घेऊन, ठराविक वजनापेक्षा जड वस्तूंसाठी ग्राहकाने मागितल्यास संकेतांक घेण्यापूर्वी खोका उघडून दाखवण्याची शिफारस करावी.

(३) ताब्याच्या वेळी भरावयाचा मराठी नोंद-नमुना तहसील कार्यालयाने तयार करून उपलब्ध करावा. त्यात खोक्याची अवस्था, ओलावा, दिसणारे नुकसान, छायाचित्रे घेतल्याची नोंद आणि दोन्ही पक्षांच्या सह्या यांना जागा असावी.

(४) जुळणी केल्यावरच कळणाऱ्या दडलेल्या नुकसानीसाठी किमान तीन दिवसांची मुदत मिळावी आणि ती चुकली तरी दावा नाकारला जाऊ नये, अशी शिफारस संबंधित विक्रेते व वाहतूकदारांना करावी.

(५) नुकसानीच्या वर्गानुसार उपाय ठरावेत. दर्शनी नुकसानीस किमतीत सूट, टिकाऊपणावर परिणाम करणाऱ्या नुकसानीस सदोष भागाची विनामूल्य बदली, आणि सुरक्षिततेशी संबंधित नुकसानीस सदोष भागाची वा पूर्ण वस्तूची तातडीने बदली किंवा परतावा असा क्रम असावा, आणि वर्ग ठरवताना किनारपट्टीवरील खाऱ्या हवेचा विचार व्हावा.

(६) या नोंदीच्या आधारे माल पोहोचवणाऱ्या कामगाराच्या वेतनातून कपात होऊ नये आणि तपासणीसाठी त्याला पुरेसा वेळ मिळावा. खोका गोदामात आपटला की वाहनात दबला, याची जबाबदारी साखळीतील अखेरच्या आणि सर्वांत दुर्बळ माणसावर ढकलणे अन्यायाचे होईल.

(७) तालुका पातळीवरील लोकशाही दिनात अशा तक्रारी स्वीकाराव्यात, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन प्रणालीवर तक्रार नोंदवण्यासाठी तहसील कार्यालयात मदत कक्ष असावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक ग्रामपंचायती, बस स्थानक आणि उरण रेल्वे स्थानक येथे मराठीत लावावा.

६. ग्राहकांची जबाबदारी

हक्कांसोबत येणारी कर्तव्ये निवेदनकर्त्यांना मान्य आहेत. खोका उघडण्यापूर्वी आणि उघडताना छायाचित्रे घेणे, बांधणीचे साहित्य निकाल लागेपर्यंत जपून ठेवणे, सदोष वस्तू न जुळवणे व न पेटवणे, नुकसान लेखी कळवणे आणि बोट लागेल एवढ्या ओरखड्यासाठी संपूर्ण वस्तूच्या बदलीचा हट्ट न धरणे, या गोष्टींचा प्रसार तालुक्यात करण्याची त्यांची तयारी आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हापासून महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा चालत आली आहे, आणि प्रशासन व ग्राहक यांनी मिळून कार्यपद्धती घडवणे हे त्या परंपरेला धरूनच होईल.

तरी या मागण्यांचा सहानुभूतिपूर्वक विचार करावा, मागणी क्रमांक (३) व (७) यांची अंमलबजावणी तहसील पातळीवर शक्य असल्याने त्याबाबत प्रथम आदेश द्यावेत, आणि उर्वरित मागण्यांवर केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती ३० दिवसांच्या आत निवेदनकर्त्यांना मिळावी, ही नम्र विनंती.

ठिकाण : उरण, जि. रायगड.

आपले विश्वासू,
उरण तालुक्यातील ग्राहक व लघु खाद्यव्यावसायिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१) मा. उपविभागीय अधिकारी, पनवेल.
२) मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, रायगड.
३) केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली.