लॉर्ड मेयो आणि वऱ्हाडचा कापूस

मेहकरच्या ज्या व्यापाऱ्यांचा माल खामगांवास जातो, त्यांस जलंब-खामगांव रेल्वेचा फांटा ठाऊक आहे. सन १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन तो सुरू केला. या साहेबांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें मांडतों, तें स्तुतीसाठीं नव्हे कीं निंदेसाठींही नव्हे. त्यांत आम्हांस बोध आहे म्हणून.

रिचर्ड बर्क, म्हणजेच पुढील लॉर्ड मेयो, हे १८२२ मध्यें डब्लिन येथें जन्मलेले आयरिश सरदार. १८४७ सालीं किल्डेअरतर्फे ते पार्लमेंटांत गेले. त्या वेळीं आयर्लंडांत माणसें अन्नावांचून मरत होतीं, आणि तेथील धान्य व गुरें जहाजांनीं इंग्लंडास जात होतीं. पुढें ते तीन वेळां आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी झाले व १८६९ मध्यें हिंदुस्थानांत आले.

ते कर्तबगार होते, हें कबूल केलें पाहिजे. १८७० मध्यें प्रांतिक सरकारांस कांहीं खात्यांच्या खर्चाचा अधिकार त्यांनीं दिला. १८७१ मध्यें शेतकी खातें काढलें. परंतु त्या खात्यामागें मँचेस्टरच्या कापूसवाल्यांचा आग्रह होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापसाची टंचाई भासली होती. तेव्हां खामगांवीं रेल्वे कोणाच्या सोयीसाठीं आली, हें सांगावयास ज्योतिषी नको. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं अंदमानांत शेर अली आफ्रिदी या कैद्यानें त्यांचा खून केला.

मायदेशींचा दुष्काळ डोळ्यांनीं पाहिलेल्या या गृहस्थांच्या हातूनही येथें परक्या गिरण्यांचीच सोय झाली. हा दोष स्वभावाचा नव्हे, राज्यपद्धतीचा. राज्यकर्ता सज्जन असून भागत नाहीं. तो रयतेस जबाबदार असावा लागतो.

१९४७ पासून ही जबाबदारी आमच्याच माथीं आहे. तरीही मेहकरास रेल्वे नाहीं, आणि आमचा शेतकरी कच्चा कापूस विकून तयार कापड विकत घेतो. आतां बोल कोणास लावावयाचा? व्यापारीबंधूंनीं केवळ अडतीवर समाधान न मानतां आपलें भांडवल शेतकऱ्यांच्या सहकारानें सूत, कापड व तेल यांच्या धंद्यांत घालावें. रेल्वे अवश्य मागावी. परंतु त्या गाडींत काय भरून पाठवावयाचें, हें ह्या वेळीं आपणच ठरविलें पाहिजे.