थांबलेला आकाशपाळणा

गेल्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब एका मनोरंजनोद्यानांत गेलों होतों. मुलें आकाशपाळण्याच्या पायरीशीं पोहोंचतात तोंच दूर वळवाचे ढग गडगडले व चालकानें पाळणा थांबविला. पाऊस तर नव्हताच! मुलें रडकुंडीस आलीं आणि आम्ही वडील मंडळी चालकाशीं हुज्जत घालूं लागलों.

आमच्या मतें त्याचेंच बरोबर होतें. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती सुमारें १० किलोमीटरांच्या आंत असते. पाऊस पोहोंचण्यापूर्वींहि ती कोसळूं शकते. म्हणून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें उघड्यावर येऊं नये. तिकिटाचे पैसे परत मागणें गैर नाहीं. पण ते खिडकीवर मागावेत, पोरसवदा चालकावर डोळे कां वटारावे?

पाळणा त्या दिवशीं पुन्हां फिरला नाहीं. परततांना आगगाडींत धाकटी, वीज चमकली कीं, सेकंद मोजीत होती.