धारूरचा घाट आणि शेतकऱ्याचा माल

गाडीत माल किती भरावा, हे सपाटीवरचा रस्ता ठरवीत नसतो. वाटेत जो सर्वांत कठीण चढ असेल तो ठरवितो. बैलगाडीच्या काळी हे प्रत्येक शेतकरी जाणून होता. आज बैलांच्या जागी ट्रॅक्टर व ट्रक आले, तरी हा नियम पालटलेला नाही. माजलगावहून तेलगाव, धारूर व केज यांवरून कळंब-बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्याचा विचार करिताना आमच्या वाचकांनी हा नियम प्रथम ध्यानात घ्यावा, अशी विनंती आहे.

बालाघाटाच्या डोंगराने आपल्या बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरी व सिंदफणा यांचे काळ्या जमिनीचे खोरे. दक्षिणेस केजकडील पठार, ज्याचे पाणी मांजरेस मिळते. या दोन भागांस जोडणाऱ्या वाटांपैकी धारूरची वाट फार जुनी. तेथील किल्ला १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधविला. १६३१ साली तो मोगलांनी घेतला व गावास फतेहाबाद हे नाव मिळाले. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती दोन्हीकडील मुलूख, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांस पुरते ठाऊक होते.

पुढे रेल्वे आली, तीही डोंगराच्या दोन बाजूंनी. दक्षिणेकडे १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. उत्तरेकडे १९०० साली गोदावरी खोऱ्यातील मनमाड-सिकंदराबाद मार्ग परभणीवरून गेला. त्यामुळे घाटावरच्या मालाचा ओढा बार्शीकडे, तर घाटाखालच्या मालाचा परभणीकडे राहिला. बार्शी इंग्रजी अमलात व केज निजामी अमलात, म्हणून घाटावरच्या गाडीवानास चढउतारापेक्षाही करोडगिरीच्या नाक्याची चिंता अधिक असे. १९४८ साली निजामी अंमल संपला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. नाक्यांची अडचण गेली. डोंगराची मात्र जागच्या जागी राहिली.

स्वराज्यात रस्ते पुष्कळ झाले, हे मान्य केले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील स्त्रीपुरुषांनी खडी फोडून कित्येक रस्त्यांचा पाया घातला. आज ज्या रस्त्याविषयी आम्ही लिहीत आहोत तो खामगाव-पंढरपूर या लांब मार्गाचा भाग असून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८ सी म्हणून त्याची नोंद झाली आहे. सपाटीवर तो रुंद व सिमेंटचा झाला. घाटातील रस्ता मात्र त्या मानाने अरुंद राहिला. म्हणजे दोन्हीकडून वाहने पूर्वीपेक्षा अधिक संख्येने व अधिक वेगाने येणार, आणि ती नेमकी जुन्या वळणांवर एकमेकांसमोर उभी ठाकणार! ज्या ठिकाणी सुधारणेची गरज अधिक, तेच ठिकाण मागे ठेवून बाकीचा रस्ता सुधारणे म्हणजे मोट नवी करून नाडा जुनाच ठेवण्यासारखे आहे.

याचा तोटा कोणास होतो? माजलगावचे धरण झाल्यापासून घाटाखाली ऊस वाढला. मांजरा धरणामुळे घाटावरही वाढला. गाळपाच्या हंगामात उसाची वाहने घाटातून जातात येतात. तोडलेला ऊस एक दिवसात गाळला गेला पाहिजे. त्याहून उशीर झाला की वजन घटते व साखरेचा उताराही घटतो. एखादे वाहन वळणावर उलटले अथवा चढावर बंद पडले की मागे रांग लागते, आणि रांगेतील प्रत्येक खेप वाळत बसते. तोडणी व वाहतुकीचा खर्च अखेर उसाच्या दरातूनच वळता होतो. सबब घाटातील प्रत्येक अडचणीची किंमत शेतकऱ्याच्या पदरी येते. तोडणी करणारी कुटुंबेही टनावर मजुरी घेतात. वाहन अडले की त्यांचाही दिवस बुडतो. लातूरच्या बाजारास जाणारे सोयाबीन किंवा घाटाखालून वर येणारा कापूस यांची कथा निराळी नाही.

कोणी म्हणेल की घाटाचे काम खर्चाचे आहे, वनाची जमीन लागली तर १९८० च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची परवानगी लागेल, आणि त्यात वर्षे जातील. हे खरे आहे. परंतु परवानगीस वेळ लागतो, म्हणूनच मागणी लवकर व रीतसर केली पाहिजे. शिवाय सर्वच कामे परवानगीसाठी खोळंबत नाहीत. दरीच्या बाजूस मजबूत कठडे बांधणे, आहे त्याच हद्दीत वळणे रुंद करणे, वाहने बाजूस घेण्यास जागा करणे, आणि मृग निघण्यापूर्वी डोंगराकडील गटारे साफ करणे, एवढे तर नित्याच्या देखभालीतच बसते.

आता एक गोष्ट आम्हांस आमच्याच बांधवांस सांगावयाची आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी कसोटी घेण्यात आली. आसावरील भार दुप्पट केला असता रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, असे तीतून दिसून आले. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर काठाबाहेर आलेला ऊस, आणि रात्री मागे ना दिवा ना चमकपट्टी, अशी खेप घाटात पाठविणारा मनुष्य सरकारकडे चांगला रस्ता कोणत्या तोंडाने मागणार? चार मोळ्या अधिक गेल्याचा नफा एकाचा होतो. मोडलेला रस्ता सर्वांच्या वाट्यास येतो.

तेव्हा आमची सूचना अशी. माजलगाव, धारूर व केज या तिन्ही तालुक्यांतील गावांनी ग्रामसभेत एकाच मसुद्याचा ठराव करावा. हंगामात घाट किती वेळा व किती तास बंद पडला याची तारीखवार नोंद ठेवावी व ती ठरावास जोडावी. केवळ तक्रारीचे कागद दप्तरात पडून राहतात. तारीख व तास मांडलेल्या कागदास उत्तर देणे अधिकाऱ्यांस भाग पडते. त्याच ग्रामसभेत आपल्या गावची खेप भारापेक्षा जास्त भरली जाणार नाही, असाही ठराव व्हावा. हे दोन्ही ठराव गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तयार असावेत. हंगाम लागल्यावर ठराव लिहिण्यास कोणासच सवड नसते.