ठिणगीविना पेटणारा माल

मुंबई, खास प्रतिनिधी

कोलंबोहून न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या 'वान हाय ५०३' या कंटेनरवाहू जहाजाला ९ जून २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ भीषण आग लागली. जहाजावरील २२ जणांपैकी १८ जणांची सुटका झाली. चौघे बेपत्ता झाले. जहाजावरील मालात आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचाही समावेश होता. अमुक एका पेटीमुळेच ही आग लागली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र ठिणगीविना पेटणाऱ्या मालाची समुद्री वाहतूक कोणत्या नियमांनी व्हावी, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. १ जानेवारी २०२६पासून बंधनकारक झालेले लोणारी कोळशाविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम याच प्रश्नाशी निगडित आहेत.

लोणारी कोळसा हवेतील प्राणवायू हळूहळू शोषून घेतो आणि त्या क्रियेतून थोडी उष्णता निर्माण होते. पोते सुटे असेल तर ती हवेत विरून जाते. ढीग मोठा असेल तर मात्र आतली उष्णता बाहेर पडण्यापूर्वीच नवी उष्णता तयार होते. तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तापमान आणखी चढते. हे चक्र एकदा सुरू झाले की ठिणगीची गरजच उरत नाही.

हे गणित प्रथम मांडले ते रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८मध्ये. उष्णता पदार्थाच्या घनफळात निर्माण होते, पण बाहेर पडते ती पृष्ठभागातून, हे त्याचे सूत्र. सेम्योनोव यांनी संपूर्ण ढिगाचे तापमान एकसारखे मानले होते. ढिगाचा गाभा कडेपेक्षा अधिक तापतो, ही बाब हिशेबात घेऊन डेव्हिड फ्रांक-कामेनेत्स्की यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हा सिद्धांत पुढे नेला. त्यांच्या मांडणीनुसार धोका जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की धोका चौपट.

आकारमानाइतकाच आकारही महत्त्वाचा. एखाद्या पदार्थाचा दोन मीटर व्यासाचा गोल ज्या तापमानाला पेट घेण्याच्या उंबरठ्यावर येतो, त्याच तापमानाला त्याच पदार्थाचा लांबरुंद पसरलेला थर अवघ्या एक मीटर जाडीलाच त्या अवस्थेला पोहोचतो. गोलातील उष्णतेला सर्व दिशा मोकळ्या असतात. थरातून मात्र ती केवळ वर आणि खाली जाऊ शकते. अर्थात, तेवढाच माल पातळ पसरला तर धोका झपाट्याने घटतो.

नमुना आणि प्रत्यक्ष माल

संयुक्त राष्ट्रांच्या चाचणीपद्धतीचा पायाही हाच आहे. त्यानुसार २७ घनमीटरच्या, म्हणजे तीन मीटर बाजूच्या घनाकृती ढिगाला कोळसा आपोआप पेटण्यास ५० अंश सेल्सिअस तापमान पुरते. प्रयोगशाळेत मात्र तपासला जातो तो १० सेंटिमीटर बाजूचा घन, आणि तोही १४० अंशांना. छोट्या घनाला प्रत्येक घनमीटरमागे ६० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, मोठ्याला केवळ दोन. वीस फुटी कंटेनरची क्षमता सुमारे ३३ घनमीटर असते आणि उन्हात तापलेल्या पोलादी पेटीत ५० अंश ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

पूर्वीच्या नियमांत, नमुना चाचणीत उत्तीर्ण झाला की कोळशाला धोकादायक मालाच्या यादीतून सूट मिळत असे. नमुना सर्व मालाचे प्रतिनिधित्व करतोच असे नाही, हे या सवलतीतील वैगुण्य. २०१५ ते २०२२ या काळात जहाजांवर कोळशाशी संबंधित किमान ६८ आगींची नोंद झाली. आता ही सवलत रद्द झाली आहे. कोळसा भरण्यापूर्वी साधारणपणे १४ दिवस हवेत उघडा ठेवणे, भरताना त्याचे तापमान ४० अंशांहून अधिक नसणे आणि कंटेनरच्या छताखाली ३० सेंटिमीटर जागा मोकळी सोडणे, अशा अटी आल्या आहेत. दीड मीटरहून उंच रचाई करायची असल्यास ढिगाचे भाग पाडून मध्ये फटी ठेवाव्या लागतात. फ्रांक-कामेनेत्स्कींचे गणितच येथे नियमाच्या रूपाने अवतरले आहे, असे म्हणता येईल.

खरी परीक्षा कागदावर

तथापि, हे सारे नियम मालाची नोंद खरी असेल तरच उपयोगी. जानेवारी २०१९मध्ये अटलांटिक महासागरात पेटलेल्या 'यांतियान एक्सप्रेस'वरील आगीचे संभाव्य कारण म्हणून जर्मन तपासयंत्रणेने नारळाच्या करवंटीच्या कोळशाकडे बोट दाखविले होते. तो कोळसा भलत्याच नावाने नोंदविला गेला होता. धोकादायक मालाला अधिक भाडे आणि अधिक कागदपत्रे लागतात. त्यामुळे सवलत रद्द होताच नाव लपविण्याचा मोह वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही. बंदरांत पेट्या उघडून तपासण्याचे प्रमाण वाढले नाही, तर या लबाडीची किंमत भर समुद्रात खलाशांनाच मोजावी लागेल.